आधी तार, मग मशीन!

घरच्या घरी वेल्डिंग शिकायचंय? छोटं मिग मशीन घ्यायचा विचार आहे? मग कार्टमध्ये टाकण्याआधी थांबा. काय जोडणार, कुठे बसून जोडणार आणि घरातलं सॉकेट किती ओढणार, या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली की तार ठरते. आणि तार ठरली की मशीन आपोआप ठरतं.

रील्सवर ते फार सोपं दिसतं. निळा प्रकाश चमकतो, ठिणग्या उडतात आणि तीस सेकंदांत जुन्या चौकोनी पाइपांचं झकास स्टडी टेबल उभं राहतं. मग रात्री जेवण झाल्यावर तुम्ही मोबाइल घेऊन बसता. ‘मिग वेल्डिंग मशीन’ असं शोधलं की समोर पर्यायांचा ढीग. २०० अँपिअर, २५० अँपिअर, थ्री इन वन, गॅसवालं, बिनगॅसचं. किंमत पाहून, स्टार पाहून, कधी तर नुसता रंग पाहून एक मशीन पसंत पडतं. आणि तार? ती तर सोबत फुकट येतेय, तिचा काय एवढा विचार करायचा!

गोची नेमकी इथंच होते. मिग वेल्डिंगमध्ये मशीन फक्त वीज देतं आणि तार पुढे ढकलतं. जोड तयार होतो तो तारेचा. तार चुकली तर महागडं मशीनही नुसतं तडतडत बसतं. म्हणून मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये किंवा बेसा रोडकडच्या एखाद्या रो-हाऊसमध्ये राहून हा छंद सुरू करायचा असेल, तर खरेदीचा क्रम उलटा करा.

मिग म्हणजे नेमकं काय?

गल्लीतल्या फॅब्रिकेशनच्या दुकानात खिडकीची ग्रिल जोडताना तुम्ही जे पाहता, ते बहुतेक वेळा रॉडचं वेल्डिंग असतं. होल्डरमध्ये रॉड पकडायचा, तो जळत जळत संपतो, मग दुसरा लावायचा. वर खपली जमते, ती हातोडीने ठोकून काढायची.

मिगमध्ये रॉडऐवजी बारीक तारेचं रीळ असतं. टॉर्चचा ट्रिगर दाबला की मोटर ती तार पुढे ढकलते, तारेच्या टोकाशी आर्क पेटतो, तार वितळते, तिच्याखालचं लोखंडही वितळतं आणि दोन्ही मिळून टाका पडतो. वितळलेल्या लोखंडाला हवा लागली तर त्यात बुडबुडे अडकतात आणि टाका आतून पोकळ राहतो. म्हणून टॉर्चच्या तोंडातून गॅस सोडून त्या जागेवर पांघरूण घालतात.

ही पद्धत १९४८ मध्ये अमेरिकेतल्या बॅटेल मेमोरियल इन्स्टिट्यूटमध्ये विकसित झाली. तेव्हा वापरायचे ते आर्गॉनसारखे महाग गॅस. १९५३ मध्ये सोव्हिएत संशोधकांनी कार्बन डायऑक्साइड वापरून दाखवला आणि साध्या लोखंडासाठी हे काम एकदम स्वस्त झालं. आपल्याकडे हिंगणा किंवा बुटीबोरी एमआयडीसीत गेलात तर अनेक जण याला मिग म्हणतच नाहीत, सरळ ‘सीओटू वेल्डिंग’ म्हणतात. दुकानात ‘सीओटू वायर’ मागितली तर हीच तार पुढ्यात येईल.

नवशिक्याला मिग का आवडतं? एक हात टॉर्चवर, दुसरा आधाराला. रॉड बदलायची भानगड नाही. पातळ पाइपला भोक पडण्याची भीती कमी. पण एक गोष्ट खरीच सांगायला हवी. तुमचं सगळं काम जाड अँगलचं आणि उघड्यावरचं असेल, तर साधं रॉडचं इन्व्हर्टर मशीन स्वस्तात मिळतं आणि ते पुरतं. आणि आयुष्यात एकच शू-रॅक जोडायचा असेल तर पाइप कापून जवळच्या फॅब्रिकेशनवाल्या दादांकडे घेऊन जा. मशीन घ्यायचं ते पुन्हा पुन्हा करणार असाल तरच.

पहिला प्रश्न : काय जोडणार?

‘सगळंच’ हे उत्तर चालणार नाही. वहीत तुमच्या पहिल्या पाच गोष्टी लिहा. बहुतेकांची यादी अशीच निघते : टेबलाची फ्रेम, कुंड्यांचा स्टँड, पुस्तकांचा रॅक, सायकलचा स्टँड, कॉलेजच्या प्रोजेक्टचा सांगाडा. या सगळ्याला लागतो तो एमएसचा, म्हणजे साध्या लोखंडाचा चौकोनी पाइप.

हा पाइप घ्यायला इतवारीतल्या लोहा ओळीत जायचं. उज्ज्वलनगरहून मेट्रोने सीताबर्डी, तिथे गाडी बदलून चितारओळी चौक, की इतवारी जवळच. तिथे तुम्हाला मिलिमीटरमध्ये कमी आणि गेजमध्ये जास्त ऐकू येईल. हिशेब लक्षात ठेवा : १८ गेज म्हणजे साधारण १.२ मिमी, १६ गेज म्हणजे १.६ मिमी, १४ गेज म्हणजे २ मिमी. गेजचा आकडा वाढला की जाडी कमी होते, इथे बरेच जण गोंधळतात.

आता एक ढोबळ पण कामाचा नियम. साध्या लोखंडाला दर मिलिमीटर जाडीमागे साधारण ४० अँपिअर लागतात. १६ गेजच्या पाइपला ६५ च्या आसपास, २ मिमीला ८०, ३ मिमीच्या पट्टीला १२०. तुमची यादी या नियमाशी लावून पाहा. छंदाचं बहुतेक काम १०० अँपिअरच्या आतच उरकतं. म्हणजे २५० चा आकडा पाहून भुलायचं कारण नाही.

दुसरा प्रश्न : कुठे बसणार?

हा प्रश्न दुकानदार विचारत नाही, पण तारेचा निम्मा निर्णय इथेच होतो.

गॅसचं पांघरूण फार नाजूक असतं. वाऱ्याची झुळूक आली तरी ते उडतं. म्हणजे गच्चीवर, उघड्या अंगणात गॅसवालं मिग त्रास देणार. आणि खोलीत बसलात तर? एप्रिल-मेमध्ये नागपुरात कूलरशिवाय खोलीत बसवत नाही. पण कूलरसमोर मिग करायला बसलात की टाक्यात जाळी पडलीच म्हणून समजा. वर कूलरच्या ओलाव्याने तारेला गंज चढतो तो वेगळाच.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर खालची पार्किंग लगेच डोळ्यांसमोर येते. तिथे अजिबात नको. दोन्ही बाजूंना पेट्रोलच्या गाड्या उभ्या असतात आणि ठिणग्या बऱ्याच लांब उडतात. स्वयंपाकघराला लागून असलेली बाल्कनीही नको, तिथे गॅसची टाकी असते. जागा हवी ती मोकळी, सिमेंटच्या जमिनीची, आसपास पुठ्ठा-कपडा-प्लायवूड नसलेली आणि हवा खेळती असलेली. बाजूला पाण्याची बादली आणि आग विझवायचं सिलिंडर. शेजारच्या गॅलरीतून लहान मुलं टक लावून बघणार असतील तर मधे आडोसा हवाच, कारण आर्कचा प्रकाश त्यांच्याही डोळ्यांना तितकाच लागतो. सोसायटीच्या सेक्रेटरी काकांना आधी विचारलेलं बरं. नंतर विचारलं तर उत्तर काय येईल ते तुम्हाला ठाऊकच आहे.

थोडक्यात, आडोशाची शेड किंवा गॅरेज असेल तर गॅसवाली तार. उघडी गच्ची किंवा अंगणच असेल तर बिनगॅसची तार.

तिसरा प्रश्न : सॉकेट काय म्हणतं?

इथे थोडं गणित आहे, पण बारावीच्या फिजिक्सइतकंही नाही.

मिगचा आर्क किती व्होल्टवर चालतो याचं एक ठरलेलं सूत्र आहे : १४ अधिक अँपिअरच्या ०.०५ पट. म्हणजे ९० अँपिअरला १८.५ व्होल्ट. दोन्हींचा गुणाकार केला की साधारण १,६६५ वॅट. मशीनमध्ये काही वीज वाया जाते, ती धरली तर भिंतीतून दोन हजार वॅटच्या थोडं वर ओढलं जातं. २३० व्होल्टवर हे ९ अँपिअर होतात. पण स्वस्तातली इन्व्हर्टर मशीनं वीज सलग ओढत नाहीत, झटक्याने ओढतात. त्यामुळे प्रत्यक्षात १३ अँपिअरपर्यंतचा भार येतो. गीझरचं किंवा फ्रिजचं ते जाड पिनांचं १६ अँपिअरचं सॉकेट हे सहन करतं.

आता हेच १५० अँपिअरला करून पाहा. उत्तर २५ अँपिअरच्या घरात जातं. १६ च्या सॉकेटवर एमसीबी पडणारच. आणि एमसीबी पडली नाही तर ते जास्त भीतीदायक, कारण मग भिंतीतली केबल तापतेय.

म्हणून घरच्या वीजबिलावर ‘मंजूर भार’ किती आहे ते पाहा. एसी आणि कूलर चालू असताना वेल्डिंग करू नका. ओळखीच्या इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. मोबाइल चार्जरवाला एक्स्टेन्शन बोर्ड तर विसराच. एक्स्टेन्शन लागलंच तर किमान २.५ चौरस मिमीच्या तांब्याच्या केबलचं, आखूड आणि पूर्ण उलगडलेलं. गुंडाळलेली केबल आतल्या आत तापते.

याच ठिकाणी आणखी एक शब्द येतो : ड्यूटी सायकल. मशीनच्या पाटीवर ‘३०% ला २०० अँपिअर’ असं लिहिलं असेल तर त्याचा अर्थ, दहा मिनिटांत तीन मिनिटं चालवा आणि सात मिनिटं थंड होऊ द्या. गंमत म्हणजे, आंतरराष्ट्रीय मानकानुसार हा आकडा ४० अंश तापमानाला मोजतात. आपला मे महिना त्याच्याही वर जातो. म्हणजे पाटीवरची विश्रांती नागपूरच्या उन्हाळ्यात आणखी वाढवा. किंवा सरळ सकाळी सहाला काम करा, तुमचंही डोकं शांत आणि मशीनचंही.

आता तार!

तिन्ही उत्तरं हातात आली की तारेकडे वळायचं. घरगुती कामासाठी मुख्य दोन जाती.

*भरीव तार.* तांब्याचा मुलामा असलेली, चकचकीत. हिला गॅस लागतो. साध्या लोखंडासाठी डोळे मिटून मागायचं नाव म्हणजे ईआर ७०एस-६. हे नाव उलगडून पाहा. ७० म्हणजे जोडाची ताण सहन करण्याची ताकद, दर चौरस इंचाला ७० हजार पौंड. एस म्हणजे भरीव. ६ म्हणजे रसायनाचा प्रकार, यात सिलिकॉन आणि मँगनीज जास्त असतं. ते वितळलेल्या लोखंडातला ऑक्सिजन ओढून घेतं, म्हणून किरकोळ गंज असला तरी ही तार सांभाळून घेते. तरी गंज घासून काढायचा कंटाळा करू नका.

*फ्लक्सवाली तार.* ही आतून पोकळ असते आणि पोकळीत पावडर भरलेली असते. पावडर जळून स्वतःचा धूर आणि खपली तयार करते, तेच तिचं पांघरूण. गॅसची टाकी नको, वाराही फारसा नडत नाही. पण धूर जास्त, चटके देणारे शिंतोडे जास्त आणि टाक्यावरची खपली ठोकून काढावी लागते. बिनगॅसच्या कामासाठी नावं दोन : ई७१टी-जीएस आणि ई७१टी-११. पहिली पातळ पत्र्याच्या एकेरी टाक्यासाठी, दुसरी टाक्यावर टाका घालायचा असेल तरीही चालते.

आणि हा सापळा लक्षात ठेवा. ई७१टी-१ नावाचीही फ्लक्सवाली तार असते, पण तिला बाहेरून गॅस लागतोच. नाव जवळपास सारखं, काम वेगळं. ‘फ्लक्सकोअर आहे ना, म्हणजे बिनगॅसचीच’ असं समजून घेतली तर अख्खं रीळ वाया.

दुसरा सापळा ध्रुवांचा. भरीव तारेला टॉर्च प्लसला जोडायची, बिनगॅसच्या तारेला मायनसला. मशीनच्या पुढच्या बाजूला किंवा झाकणाच्या आत ही जोडणी बदलायची सोय असते. ती न बदलता तार बदलली की शिंतोड्यांचा पाऊस पडतो आणि लोकांना वाटतं मशीनच खराब आहे.

जाडी कोणती? छंदाच्या कामाला ०.८ मिमी. १८ गेजपासून ३-४ मिमीपर्यंत तिचं उत्तम चालतं. १.२ मिमीची तार कारखान्यातल्या मोठ्या मशीनसाठी असते. ती स्वस्त मिळाली म्हणून घेऊ नका, घरच्या सॉकेटवर ती नीट वितळणारच नाही.

रीळ किती मोठं? छोट्या मशीनमध्ये १ किलोचं बसतं, थोड्या मोठ्यात ५ किलोचं. ०.८ मिमीच्या एक किलो तारेची लांबी भरते साधारण २५० मीटर. मिनिटाला पाच मीटर या वेगाने ट्रिगर सलग दाबून धरला तर पन्नास मिनिटांत रीळ संपतं. सरावालाच दोन-तीन किलो लागतात, आणि किलोमागे ५ किलोचं रीळ स्वस्त पडतं. म्हणून ५ किलोचं रीळ बसणारं मशीन बघा. पावसाळ्यात उरलेलं रीळ मशीनमध्ये सोडू नका. झिप-बॅगमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाकून घट्ट बंद करा. गंजलेली तार टॉर्चच्या नळीत अडकते आणि मग रोलरपाशी तिचा गुंता होतो.

गॅसचं काय? साध्या लोखंडाला नुसता कार्बन डायऑक्साइड चालतो. तो स्वस्त आहे आणि खोलवर वितळवतो, पण शिंतोडे उडवतो. आर्गॉन ८० आणि कार्बन डायऑक्साइड २० टक्के असं मिश्रण घेतलं तर आर्क शांत चालतो, पातळ पाइपला बरं पडतं, पण खिशाला जड. मिनिटाला १० ते १२ लिटरचा प्रवाह पुरतो. एक इशारा : कार्बन डायऑक्साइड ३१ अंशांच्या वर गेला की टाकीत द्रवरूपात राहतच नाही, दाब झपाट्याने वाढतो. त्यामुळे टाकी गच्चीवर उन्हात ठेवायची नाही, उभी ठेवून साखळीने बांधायची आणि बाइकच्या मागे बांधून तर मुळीच आणायची नाही.

स्टेनलेस स्टील आणि ॲल्युमिनियमची स्वप्नं पहिल्या वर्षी बाजूला ठेवा. दोन्हींना वेगळी तार लागते, गॅस वेगळा लागतो आणि ॲल्युमिनियमची तार इतकी मऊ असते की साध्या टॉर्चमध्ये तिचा भजीसारखा गोळा होतो.

आणि शेवटी मशीन

आता दुकानात जा. ‘किती अँपिअरचं पाहिजे भाऊ?’ असं विचारलं की तुमच्याकडे उत्तर तयार असेल : ‘०.८ ची तार, १६ गेजचा पाइप, १६ चं सॉकेट.’ बाजारात छंदाला पुरतील अशी छोटी मिग मशीनं साधारण दहा ते वीस हजारांत मिळतात. त्यात हे पाहून घ्या.

▪ व्होल्टेज आणि तारेचा वेग यांची वेगवेगळी बटणं आहेत का? एकाच बटणावर सगळं सोपवणारं मशीन सुरुवातीला सोयीचं वाटतं, पण शिकायला अडचण होते.

▪ ध्रुव बदलता येतात का? नाही तर दोन्हींपैकी एकच तार वापरता येईल.

▪ तार ढकलणारे रोलर कोणते? भरीव तारेला गुळगुळीत खाचेचे, फ्लक्सवालीला दातेरी. खाचेवर ०.८ लिहिलेलं हवं.

▪ मॉडेलच्या नावातला आकडा बाजूला ठेवून मागची पाटी वाचा. खरे अँपिअर आणि ड्यूटी सायकल तिथेच असते.

▪ टॉर्च निघते का, आणि तिच्या टोकाची तांब्याची टिप नागपुरात मिळते का? टिप झिजतेच. चार-पाच जास्तीच्या घेऊन ठेवा.

▪ दुरुस्ती नागपुरात होते का? मशीन बॉक्समध्ये घालून दुसऱ्या शहरात पाठवावं लागलं तर अर्धी सुट्टी त्यातच जाईल.

‘थ्री इन वन’बद्दलही ऐका. त्यातलं टिग बहुतेक वेळा साधं डीसी असतं, त्यावर ॲल्युमिनियम होत नाही. रॉड आणि मिग दोन्ही चालत असेल तर मात्र ते कामाचं आहे. गच्चीवर रॉड, शेडमध्ये तार.

वेल्डिंगच्या साहित्यासाठी आपल्याला फार लांब बघायला नको. ईसाबसारख्या मोठ्या कंपनीचा कारखाना नागपूर जिल्ह्यातल्याच कळमेश्वर एमआयडीसीत आहे. ओळखीच्या कंपनीची तार थोडी महाग पडते, पण रीळ नीट गुंडाळलेलं असतं आणि डब्यावर प्रकार स्पष्ट छापलेला असतो. नाव-गाव नसलेलं रीळ घेऊ नका.

बजेटमधला तिसरा हिस्सा डोळ्यांचा

पंधरा हजार जमवले असतील तर पंधरा हजारांचं मशीन घेऊ नका. दहाचं घ्या. उरलेल्या पैशांत आपोआप काळं होणारं हेल्मेट, चामड्याचे लांब हातमोजे, चामड्याचा ॲप्रन, ग्राइंडिंगसाठी वेगळा चष्मा आणि मास्क.

हेल्मेटवर ९ ते १३ अशी शेड बदलता यायला हवी. आपल्या कामाला १० च्या आसपासची शेड लागते. गॉगल घालून ‘एकच टाका मारतो’ म्हणणाऱ्यांचं काय होतं? त्या वेळी काहीच होत नाही. पाच-सहा तासांनी, बहुधा मध्यरात्री, डोळ्यांत वाळू भरल्यासारखं टोचायला लागतं, पाणी थांबत नाही, दिवा सहन होत नाही. तो डोळ्याच्या पुढच्या पडद्याला बसलेला अतिनील किरणांचा चटका असतो. घरगुती उपाय करत बसू नका, सरळ डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

कपडे सुती आणि पूर्ण बाह्यांचे. जिमचा पॉलिस्टर टी-शर्ट ठिणगीने वितळून कातडीला चिकटतो. पायात चप्पल नको, चामड्याचे बूट हवेत आणि पँट बुटाच्या वरून यायला हवी.

धुराची गोष्ट त्याहून गंभीर. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगच्या धुराला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. रविवारचे दोन तास आणि कारखान्यातली तीस वर्षं यांत फरक आहेच, पण धुराच्या रेषेत डोकं न घालणं आणि हवा खेळती ठेवणं ही सवय पहिल्या दिवसापासून लागली पाहिजे. जीआय पाइप, म्हणजे जस्ताचा मुलामा असलेला, नवशिक्याने जोडूच नये. जस्ताच्या धुराने त्याच रात्री थंडी वाजून ताप भरतो. आणि पेट्रोलची टाकी, तेलाचा बंद ड्रम यांना कधीच टॉर्च लावायची नाही. रिकामी दिसणारी टाकीसुद्धा वाफेने भरलेली असते.

बाइक मॉडिफिकेशनवाल्यांसाठी खास : गाडीच्या चेसिसला हात लावू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेली रचना मनाने बदलता येत नाही. आणि दंडापेक्षाही मोठा धोका हा, की तो जोड रस्त्यावर सुटू शकतो.

भजीचा आवाज

सुरुवात अशी करा. २ मिमीची पट्टी, ०.८ ची भरीव तार, १७ ते १८ व्होल्ट, तारेचा वेग मिनिटाला पाच मीटरच्या आसपास. टिपेच्या बाहेर तार साधारण १० मिमी. मग कान उघडे ठेवा. कढईत भजी सोडल्यावर येतो तसा सलग चर्रर्र आवाज आला की जमलं. तार टॉर्चला मागे ढकलतेय, ठक-ठक धक्के बसताहेत, तर वेग जास्त आहे. मोठे थेंब पडून फट-फट आवाज येतोय, तर वेग कमी आहे. एका वेळी एकच बटण फिरवा, नाही तर नेमकं काय बदललं ते कळणार नाही.

भरीव तार असेल तर टॉर्च पुढे ढकलत न्या. खपलीवाली असेल तर मागे ओढत या.

नीट शिकायचं असेल तर श्रद्धानंदपेठेत शासकीय आयटीआय आहे. वेल्डरचा ट्रेड एक वर्षाचा असतो आणि त्यात गॅसवाली तारही शिकवतात. आपल्यापैकी किती जणांनी आयटीआयच्या मुलांकडे ‘मार्क कमी पडले म्हणून तिकडे गेले’ असं बघितलं असेल! टॉर्च हातात धरून सरळ चार इंचांचा टाका घालून पाहा. ते हात काय शिकलेत ते पाच मिनिटांत कळतं.

सुंदर टाका खोटा असू शकतो

मिगबद्दलची ही गोष्ट रील्समध्ये कोणी सांगत नाही. रॉडने वाईट वेल्डिंग केलं तर ते वाईटच दिसतं. मिगचं मात्र वाईट वेल्डिंगही छान दिसू शकतं. व्होल्टेज कमी पडलं तर तार वितळून वर छान गोळाईने बसते, पण खालचं लोखंड वितळलेलंच नसतं. फेविकॉलचा थर वाळावा तसं ते नुसतं चिकटलेलं असतं. त्यावर रंग मारला की कोणालाच कळत नाही. कळतं ते त्या खुर्चीवर आजी बसल्यावर, किंवा त्या झोक्यावर शेजारचं पोरगं चढल्यावर.

इंजिनीअरिंगची मुलं ज्या बाजा एसएई स्पर्धेसाठी गाडी बनवतात, तिथे हा धोका ओळखून नियमच केलाय. रोल केज जोडणाऱ्याने नमुन्याचे जोड करून ते तोडून दाखवायचे. तुटायला हवं ते पाइपमध्ये, टाक्यात नाही. दुसरा नमुना मधोमध कापून आत खरंच वितळलंय का ते बघायचं. टाका कितीही चकचकीत असो, तोडल्याशिवाय पास नाही.

हे तुम्हीही घरी करू शकता. दोन पट्ट्या उलट्या ‘टी’सारख्या उभ्या-आडव्या ठेवा, एकाच बाजूने टाका घाला आणि पूर्ण थंड होऊ द्या. मग आडवी पट्टी पकडीत आवळा आणि उभी पट्टी हातोडीने टाक्याच्या बाजूला वाकवा. टाका वाकला, फाटला, फाटलेला भाग खरखरीत करडा दिसला, तर जोड खरा. टाका अख्खाच्या अख्खा उचकटून आला आणि खाली पट्टीची मूळ कड जशीच्या तशी दिसली, तर जोड खोटा. मग व्होल्टेज थोडं वाढवा, टॉर्च सावकाश न्या आणि पुन्हा तोडा.

असे सलग दहा तुकडे खरे निघेपर्यंत कुंड्यांच्या स्टँडपलीकडे जायचं नाही, एवढं स्वतःशी ठरवून टाका. माणसाचं वजन पेलणारी वस्तू त्यानंतर. तोपर्यंत पहिलं रीळ संपलेलं असेल, घरात तुटलेल्या पट्ट्यांचा ढीग जमलेला असेल आणि आई विचारेल, ‘हे काय, नुसतं तोडूनच राहिला का?’ हो म्हणा. जोडायला शिकण्याचा रस्ता तिथूनच जातो.